गीतविडंबन आणि श्रोत्यांची स्मृती

‘विडंबन’ हा शब्द आज मराठीत एका वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणून रूढ झाला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ नक्कल करणे, सोंग घेणे आणि उपहास करणे असा होतो. मराठीतील ‘विटंबना’ हा शब्दही त्याच कुळातील आहे. अनुकरण आणि अप्रतिष्ठा या दोन अर्थांमधील अंतर किती थोडे आहे, हे या शब्दयुग्मावरून सहज ध्यानात यावे. विडंबनाचा विचार करताना मात्र बहुधा छापील संहिता समोर ठेवली जाते. मूळ कविता एका बाजूस, विडंबन दुसऱ्या बाजूस मांडून शब्दाशब्दांची तुलना केली जाते. या पद्धतीत एक महत्त्वाचा घटक सुटतो, तो म्हणजे श्रोता. गीतविडंबन प्रथमतः गायिले गेले, ते हसण्यासाठी जमलेल्या समुदायापुढे गायिले गेले, आणि मूळ गीताची चाल त्या समुदायाच्या कानांत आधीपासून होती म्हणूनच ते यशस्वी झाले. या दृष्टीने पाहता गीतविडंबनाचा इतिहास हा मुख्यत्वे समाजाच्या सामाईक स्मृतीचा इतिहास ठरतो.

युरोपीय परंपरेतही या प्रकाराचा आरंभ रंगभूमीवरच दिसतो. ‘पॅरोडी’ या ग्रीक शब्दातच ‘गीत’ हा अर्थ अंतर्भूत आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात थासोस बेटाचा हेगेमोन हा विडंबने रचणारा पहिला कवी म्हणून उल्लेखिला आहे. पुढे अथेनेऊसने त्याची एक आख्यायिका नोंदविली. हेगेमोन अथेन्सच्या नाट्यगृहात आपले विडंबन सादर करीत असताना सिसिलीतील आरमारी मोहिमेच्या सर्वनाशाची वार्ता येऊन थडकली (इ. स. पू. ४१३). प्रत्येकाच्या घरचे कोणी ना कोणी त्या मोहिमेत गेलेले होते. तरीही प्रेक्षक उठले नाहीत, आणि अश्रू दिसू नयेत म्हणून त्यांनी तोंडावर वस्त्र ओढून घेतले. आख्यायिका म्हणूनच ती स्वीकारली, तरी विडंबनकाराची सत्ता एकत्र बसलेल्या समुदायावर चालते, ही गोष्ट तीतून स्पष्ट होते. इंग्लंडात १७२८ साली जॉन गे याच्या ‘बेगर्स ऑपेरा’ने लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर नवे शब्द बसवून इटालियन संगीतिकेची आणि राज्यकर्त्यांचीही एकाच वेळी थट्टा केली. तेथेही चाली प्रेक्षकांना पाठ होत्या, हीच त्या यशाची पूर्वअट होती.

महाराष्ट्रात ही पूर्वअट किती सहज पुरी होत असे, याचा पुरावा नाट्यपदांच्या छापील पुस्तकांतच आढळतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यात झाला. त्यातील पदे साकी, दिंडी, लावणी आणि कर्नाटकी पदे यांच्या परिचित चालींवर बांधलेली होती. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाचा निर्देश करण्याची प्रथा पुढे दीर्घकाळ टिकली. स्वरलेखन न देता केवळ दुसऱ्या गीताचे नाव दिले की वाचकाला गाता येईल, असा विश्वास त्या एका ओळीत आहे. चाल उसनी घेणे म्हणजे विडंबन नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. उसन्या चालीत मूळ गीत विसरले तरी चालते. विडंबनात ते आठवावेच लागते. परंतु पहिल्या प्रथेने जो कान घडविला, त्याच्याच बळावर दुसरी उभी राहिली.

हा कान संगीत नाटकांच्याही फार पूर्वीचा आहे. गोदावरीच्या खोऱ्यात त्याचे एक जुने आणि सुस्पष्ट रूप म्हणजे पैठणच्या एकनाथांचे (१५३३–१५९९) भारूड. वासुदेव, जोशी, गोंधळी, वाघ्या-मुरळी, फकीर अशा फिरत्या उपासकांची व कलावंतांची बोली, त्यांचा ठेका आणि त्यांची आळवणी नाथांनी जशीच्या तशी उचलली आणि तीत परमार्थ भरला. सोंगी भारुडात गाणारा त्या व्यक्तीचे सोंग घेऊन उभा राहतो. श्रोता प्रथम हसतो तो ओळखीच्या सोंगाला. खऱ्या गोंधळात देवीला जे मागितले जाते ते येथे मागितले जात नाही, हे त्याच्या ध्यानात येते ते क्षणभराने. विडंबनाची सारी यंत्रणा येथे उपस्थित आहे. फरक हेतूत आहे. गोंधळ्याची अप्रतिष्ठा हे भारुडाचे प्रयोजन नव्हे. त्याची रचना आपल्या अर्थासाठी वाहन म्हणून वापरली जाते, आणि हास्याचा रोख अखेरीस श्रोत्याच्या स्वतःच्या प्रपंचाकडे वळतो. उपहासाविना विडंबन शक्य आहे, हे मराठीने सोळाव्या शतकातच सिद्ध केले होते, असे म्हणता येईल.

तमाशात याच्या उलट दिशेचा प्रवास झाला. वारकरी परंपरेतील गौळण ही भक्तिरचना. तमाशातील गण आणि वग यांच्यामध्ये येणारी गौळण म्हणजे तिचे लौकिक रूपांतर. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडविणारा कृष्ण हा सांगाडा तोच राहतो. परंतु पुरुषाने वठविलेली मावशी आणि पेंद्या यांच्या सवाल-जबाबांनी प्रसंगाचा सारा रंग पालटतो. प्रेक्षकांपैकी अनेकांनी भजनात तीच गौळण गायिलेली असते. देवाची थट्टा झाली असे त्यांना वाटत नाही, कारण त्या गमतीत पूज्यभावाला धक्का न लावण्याची एक अलिखित मर्यादा सोंगाड्या आणि प्रेक्षक दोघेही जाणतात.

ही मर्यादा जाणीवपूर्वक ओलांडली ती सामाजिक चळवळींनी. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ साली झाली, आणि पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा हाती घेऊन त्यातील अर्थ पालटला. वंदना, गौळण, वग हा क्रम प्रेक्षकांना पाठ होता. म्हणूनच नेहमीच्या जागी नेहमीचे न येता पुरोहितशाहीवरील टीका आली की तिचा आघात दुप्पट होई. १९२० नंतरच्या दशकात पुण्याच्या गणेशोत्सवात केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांच्याशी निगडित असलेल्या छत्रपती मेळ्याच्या पदांनी मोठा वाद पेटविला, तोही या परंपरेत ठेवून पाहिला पाहिजे. मेळ्यांची पदे लोकप्रिय चालींवर बांधलेली असत. ज्या चालीवर एका आळीत पुढाऱ्याची स्तुती होई, तिच्यावरच दुसऱ्या आळीत त्याचा उपहास होऊ शके. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, पण गौळण मात्र वर्ज्य केली. जे रूप आपल्याच स्त्रियांच्या अप्रतिष्ठेचे साधन होऊ शकते ते विडंबनासाठीही वापरू नये, असा विवेक या त्यागात दिसतो. विडंबन कोणाच्या मुखातून, कोणाविषयी आणि कोणासमोर गायिले जाते या तीन प्रश्नांना वगळून त्याचे मूल्य ठरविता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

सुशिक्षितांच्या वाङ्मयात याच सुमारास एक निराळी घटना घडली. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश प्रभृतींच्या या मंडळाने काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली. कविता पुस्तकातून बाहेर पडून सभागृहात आली, तिला चाल मिळाली, कवीची विशिष्ट लकब मिळाली. १९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील ‘परीटास’सारख्या रचनेत प्रणयकवितेचे आर्जव चक्क धोब्याला उद्देशून येते. या दोन घटना केवळ योगायोगाने शेजारी आलेल्या नाहीत. काव्यगायनाने श्रोत्यांच्या कानांत जी वळणे रुजविली, त्यांच्यावरच विडंबनकाराला आपली इमारत उभारता आली. कविता गायिली गेली नसती तर ती इतक्या जणांना पाठ झाली नसती, आणि पाठ झाली नसती तर तिच्या विडंबनाला हसू आले नसते. त्या अर्थाने ‘झेंडूची फुले’ हा रविकिरण मंडळाच्या लोकप्रियतेचाच एक पुरावा आहे.

तथापि या यशातच विडंबनाचे दुर्दैवही दडलेले आहे. आज पदव्युत्तर वर्गात ‘झेंडूची फुले’ वाचली जातात तेव्हा मूळ कविता शोधून आणावी लागते, आणि तिची त्या काळची गायनपद्धती तर संहितेत नाहीच. उरतो तो केवळ शाब्दिक विनोद. मूळ विस्मरणात गेले की विडंबन पांगळे होते. क्वचित उलटेही घडते, आणि विडंबनच मूळ कवितेची आठवण जागती ठेवते.

रंगमंचाने या अडचणीवर आपला उपाय शोधला, तो म्हणजे प्रयोगागणिक बदल. १९६५ साली रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी ताज्या घडामोडींवरील उत्स्फूर्त कोट्यांची जी भर घातली, तिच्यामुळे परिचित साचा प्रत्येक वेळी वर्तमानाशी जोडला गेला. मराठवाड्यात सिल्लोड तालुक्यातील निरंजन भाकरे (निधन २०२१) यांनी सोंगी भारुडाला शहरी रंगमंचापर्यंत नेले. जुनी रचना आणि आजचा श्रोता यांमधील दुवा येथे सादर करणारा स्वतः होतो. मात्र अशी भर छापील संहितेत उतरत नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने परभणी–नांदेड पट्ट्याचे महत्त्व यामुळेच वाढते. पूर्णा तालुक्यातील चुडावा हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील गाव. मनमाड–सिकंदराबाद मार्ग १९०० च्या सुमारास या खोऱ्यातून गेला, आणि नांदेडपासून हैदराबादपर्यंतचा संपर्क सुलभ झाला. याच जिल्ह्यात जनाबाईंचे गंगाखेड आहे. गोंधळाची परंपरा जगापुढे नेणारे राजारामबापू कदम परभणीचेच. आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध आहे. अशा प्रदेशातील श्रोत्याच्या स्मृतीत अभंग, गोंधळ, लावणी आणि त्यांच्यावर साचलेल्या चित्रपटगीतांच्या चाली यांचे थर एकमेकांलगत असतात. सप्ताहातील भारूड, यात्रेतील वग आणि गणेशोत्सवातील करमणुकीचा कार्यक्रम यांत होणारे विडंबन या थरांपैकी कोणता हलवते, त्यावरून त्या गावाला काय ठाऊक आहे आणि काय पूज्य आहे हे कळू शकते.

त्यासाठी नोंदीची पद्धत बदलावी लागेल. विडंबनगीताचे शब्द उतरवून घेणे पुरेसे नाही. त्याची चाल, त्या चालीचे मूळ गीत, प्रयोगाचा प्रसंग, गाणारा व ऐकणारा यांचे सामाजिक स्थान, आणि हशा नेमका कोणत्या शब्दावर आला, ही सारी माहिती एकत्र नोंदविली गेली पाहिजे. जुन्या नाट्यपुस्तकांच्या संपादकांनी पदाच्या माथ्यावर चालीचा निर्देश करून जी शिस्त पाळली, तिचाच हा विस्तार होय. तो न झाल्यास पुढील पिढीच्या हाती संहिता राहतील. परंतु त्यांवर लोक का हसले, आणि कोणाला त्या हसण्याने वेदना झाल्या, हे सांगणारे कोणी उरणार नाही.