मृत्यूचा दाखला आणि संसदेची नजर

मृत्यू ही कुटुंबाची घटना; पण मृत्यूचा दाखला हा राज्याचा कागद आहे. त्याच्या आधारे दहन अथवा दफन होते, वारसाहक्क ठरतो, विम्याची रक्कम मिळते आणि देशात कोणत्या रोगाने किती माणसे मरतात हेही कळते. एवढे महत्त्व असलेल्या या कागदात एक विलक्षण उणीव आहे. त्यात लिहिलेले कारण खरे की खोटे हे सांगायला ज्याच्याविषयी तो कागद आहे तोच मनुष्य उरलेला नसतो. मग लिहिणाऱ्याची तपासणी कोणी करावी? ब्रिटिश संसदेपुढे हा प्रश्न १८९३ साली स्पष्ट शब्दांत आला होता. त्याचे पुरते उत्तर कायद्यात उतरले ते २०२४ साली. मधल्या एकशे एकतीस वर्षांचा इतिहास लोकशाही राज्यकारभाराच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे.

इंग्लंड आणि वेल्स या प्रदेशांत जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १८३६ साली संमत झाला आणि पुढल्या वर्षी नोंदणी सुरू झाली. तत्पूर्वी चर्चच्या वह्यांत दफनाची नोंद होई, मृत्यूची नव्हे. नव्या नोंदणी कार्यालयात १८३९ साली विल्यम फार हे डॉक्टर दाखल झाले. मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण करून त्यांनी या वह्यांतून सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र उभे केले. परंतु फार यांचे आकडे दाखल्यांइतकेच विश्वसनीय होते आणि दाखला डॉक्टरने द्यावा अशी सक्ती सुरुवातीस नव्हती. १८७४ च्या कायद्याने ती केली. अखेरच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले, त्याने कारणाचे प्रमाणपत्र द्यावे असा दंडक झाला. तथापि त्याने मृतदेह डोळ्यांनी पाहिलाच पाहिजे, असे मात्र त्या कायद्यात म्हटले नव्हते.

या फटीतून काय काय निसटू शकते, याची चर्चा लवकरच सुरू झाली. गरीब वस्त्यांत अंत्यविधीच्या खर्चासाठी लहान मुलांचेही विमे उतरवले जात, आणि त्यातून बालकांच्या जिवाला धोका संभवतो अशी शंका त्या काळी उघडपणे बोलली जाई. अखेर १८९३ साली हाउस ऑफ कॉमन्सने मृत्यूच्या प्रमाणपत्रांची चौकशी करण्यासाठी निवडक समिती नेमली. समितीने डॉक्टर आणि अधिकारी यांच्या साक्षी घेतल्या. मृतदेह न पाहता प्रमाणपत्रे दिली जातात, आणि काही मृत्यू तर प्रमाणपत्रावाचूनच नोंदले जातात, हे तिच्यापुढे आले. डॉक्टरचे अथवा कॉरोनरचे प्रमाणपत्र असल्याशिवाय मृत्यू नोंदू नये; प्रमाणपत्रापूर्वी डॉक्टरने मृतदेह स्वतः पाहावा; ज्या मृत्यूंना प्रमाणपत्र नाही त्यांच्या चौकशीसाठी प्रत्येक विभागात सार्वजनिक वैद्यकीय अधिकारी नेमावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. निदान अचूक होते आणि औषधही सांगितले होते. परंतु समिती शिफारस करते. विधेयक आणणे सरकारच्या हाती असते. अहवाल छापला गेला, आणि त्याचा गाभा कपाटात राहिला.

सुधारणा झाली ती एका आडवाटेने. दहनाची प्रथा इंग्लंडमध्ये नव्याने रूढ होत होती. सर हेन्री टॉम्सन या शल्यविशारदांच्या पुढाकाराने १८७४ साली दहन-प्रसारक संस्था स्थापन झाली होती. पुरलेला देह प्रसंगी उकरून तपासता येतो. जाळलेल्या देहाबरोबर पुरावाही जळतो, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता. म्हणून १९०२ च्या दहन कायद्याखाली कडक नियम झाले. एका डॉक्टरच्या प्रमाणपत्रास दुसऱ्या डॉक्टरचा दुजोरा हवा आणि दहनभूमीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची परवानगी हवी. दफन होणाऱ्याच्या बाबतीत मात्र एकच सही पुरे होती. १९२६ च्या कायद्याने नोंदणीच्या अथवा कॉरोनरच्या कागदावाचून देहाची विल्हेवाट लावण्यास बंदी केली. दुसऱ्या डोळ्याचा प्रश्न होता तेथेच राहिला.

१९६५ साली ब्रॉड्रिक समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९७१ साली आला. प्रमाणपत्राच्या पद्धतीतील दोषांमुळे खून लपून राहण्याची भीती फार अतिरंजित आहे, असे या समितीचे मत पडले. समिती विचारी होती, तिच्यापुढील पुरावाही खोटा नव्हता. पण जो गुन्हा उघडकीस येतच नाही, त्याची संख्या पुराव्यात येणार कशी, हा प्रश्न तिच्या तर्कातून सुटला.

मँचेस्टरजवळच्या हाइड गावी हॅरॉल्ड शिपमन नावाचे एक लोकप्रिय डॉक्टर होते. रुग्णांना, विशेषतः वृद्ध स्त्रियांना, ते डायमॉर्फिनची सुई टोचून मारीत आणि मग स्वतःच मृत्यूचे नैसर्गिक कारण लिहीत. दहनासाठी लागणारी दुसरी सही शेजारच्या डॉक्टरांकडून सहज मिळे. सहव्यवसायी माणसावर अविश्वास कोण दाखवणार? १९९८ साली शेजारच्याच एका डॉक्टरने या दहन-अर्जांच्या संख्येबद्दल शंका कळवली. पोलिसांची चौकशी निष्फळ ठरली, आणि त्यानंतरही बळी गेले. जानेवारी २००० मध्ये पंधरा खुनांबद्दल शिपमनला शिक्षा झाली. चौकशी बंद दाराआड व्हावी असा सरकारचा विचार होता; मृतांच्या नातेवाइकांनी तो न्यायालयात हाणून पाडला, आणि २००१ साली संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या ठरावाने जाहीर चौकशी सुरू झाली. न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांनी २००२ साली बळींची संख्या २१५ ठरवली. २००३ सालच्या तिसऱ्या अहवालात त्यांनी मृत्यूच्या प्रमाणपत्रांची सारी पद्धत तपासून ती अपुरी ठरवली. दुसरी सही होती. दुसरी तपासणी नव्हती, असे त्याचे सार सांगता येईल.

यानंतर २००९ साली कायदा झाला. ज्या मृत्यूची चौकशी कॉरोनर करणार नाही, असा प्रत्येक मृत्यू उपचारांशी संबंध नसलेल्या स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाने तपासावा, असे त्यात ठरले. मात्र कायद्याचे हाड संसद घडवते, मांस नियम चढवतात. नियम मंत्र्यांनी करायचे, सभागृहापुढे मांडायचे, सदस्यांनी तपासायचे, ही रीत आहे. पण जे नियम केलेच गेले नाहीत ते तपासणार कसे? खर्चाचा वाद, अधिकारांचा वाद यांत वर्षे गेली. २०१९ पासून कायद्याच्या सक्तीवाचून परीक्षक नेमण्यास आरंभ झाला. कोविडच्या साथीत २०२० साली दहनासाठीची दुसरी सही स्थगित झाली, आणि २०२२ साली कायमची गेली. अखेर ९ सप्टेंबर २०२४ रोजी वैद्यकीय परीक्षकाची तपासणी सक्तीची झाली. परीक्षकाची व्यवस्था कागद पाहते, तसेच घरच्या माणसांना काही शंका आहे काय, हेही विचारते. शेवटची ही गोष्ट लहान दिसते. पण हाइडमधील कित्येक मुलामुलींना तो प्रश्न वेळेवर कोणीच विचारला नव्हता.

दुःखात असलेल्या घराला दाखल्यासाठी थांबवून ठेवणे क्रूरपणाचे आहे, हा आक्षेप प्रत्येक पिढीत घेतला गेला, आणि तो पोकळ नाही. तपासणी हवी तशीच ती त्वरेनेही हवी.

इंग्लंडच्या या कायद्यांची सावली भारतावरही पडली. मुंबईत १८७१ च्या कायद्यान्वये कॉरोनर असे. ते पद १९९९ साली रद्द झाले. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९६९ साली जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा केला. अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य द्यावे, अशी तरतूद त्यात आहे. २०२३ च्या दुरुस्तीने रुग्णालयांवरील जबाबदारी अधिक स्पष्ट केली, आणि प्रमाणपत्राची प्रत नातेवाइकांनाही द्यावी असे ठरवले. तरीही २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे साडेबावीस टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र होते. इंग्लंडचा प्रश्न दुसऱ्या डोळ्याचा होता. भारतात बहुसंख्य मृत्यूंपाशी पहिलाच डोळा पोहोचलेला नाही.

लोकसभेत १९५३ पासून कायद्याखालील नियम तपासणारी समिती आहे. नियम कायद्याच्या मर्यादेत आहेत काय, हे ती पाहते. १८९३ च्या समितीची कथा त्यापलीकडचे कर्तव्य सांगते. संसदेने दोष दाखवला म्हणजे दोष गेला असे होत नाही. आपल्याच अहवालाचे पुढे काय झाले, हे दरवर्षी विचारणारे सभागृह असावे लागते. मृत माणसे मत देत नाहीत, शिष्टमंडळे नेत नाहीत, वर्तमानपत्रांत पत्रे लिहीत नाहीत. त्यांच्या वतीने तो प्रश्न जिवंतांच्या प्रतिनिधींनीच विचारायचा असतो.