संगणक-समूह, यंत्रमानव-संशोधनातील

स्वतंत्रपणे चालू शकणारे अनेक संगणक द्रुतगती जालाने जोडून, त्यांची गणनशक्ती एकाच आज्ञावलीच्या हुकमतीखाली अनेक संशोधकांस वाटून देणारी रचना. व्यवहारात तीस क्लस्टर व तीतील प्रत्येक संगणकास नोड म्हणतात. यंत्रमानवाच्या संशोधनात या नोडांवर मुख्यतः भौतिक सृष्टीचे अनुकरण, त्या अनुकरणातून मिळालेल्या अनुभवावर न्यूरल नेटवर्कचे प्रशिक्षण आणि संवेदकांनी टिपलेल्या नोंदींचा संग्रह, अशी तीन कामे चालतात. यंत्रमानवाच्या सांध्यांचे क्षणोक्षणीचे नियंत्रण मात्र समूहाकडे सोपवीत नाहीत. सेकंदास शेकडो, प्रसंगी १,००० वेळा करावयाचे ते काम यंत्रमानवाच्या अंगावरील संगणकासच करावे लागते, कारण सामायिक जालावर विलंबाची हमी देता येत नाही.

इतिहास : बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांतून समूह उभारण्याची प्रथा १९९४ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रातील टॉमस स्टर्लिंग व डॉनल्ड बेकर यांच्या प्रयत्नांमुळे रूढ झाली. इंटेलचे डीएक्स४ जातीचे १६ प्रोसेसर इथरनेटने जोडून व लिनक्स ही कार्यप्रणाली वापरून सिद्ध केलेल्या त्या समूहास प्राचीन इंग्रजी महाकाव्यावरून बेओवुल्फ हे नाव देण्यात आले. यंत्रमानवाच्या क्षेत्रात समूहाची निकड तीव्र झाली ती पुढे. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी १४ पर्यंत यांत्रिक हात एकाच वेळी राबवून दोन महिन्यांत वस्तू पकडण्याचे सुमारे ८ लाख प्रयत्न नोंदविले. २०१८ मध्ये ओपनएआय या संस्थेने ६,१४४ प्रोसेसर-कोअर व ८ जीपीयू (अनेक गणिते एकदम करणारे आलेखी प्रोसेसर) यांच्या साहाय्याने, हातातील ठोकळा फिरविणाऱ्या यांत्रिक पंजाचा सुमारे १०० वर्षांचा आभासी अनुभव ५० तासांत गोळा केला. उलट २०२१ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील व एनव्हिडिया कंपनीतील संशोधकांनी एकाच जीपीयूवर सहस्रावधी आभासी चतुष्पाद एकदम चालवून, सपाट भूमीवरील चाल चार मिनिटांच्या आत शिकविता येते असे दाखविले. अनुभव प्रत्यक्ष यंत्रमानवाकडून मिळवावा की अनुकरणातून, याविषयी तज्ज्ञांत मतैक्य नाही.

उभारणी : समूहात एक प्रवेश-नोड, एक कारभारी-नोड, कित्येक गणक-नोड व एक सामायिक संग्रह असतो. गणक-नोडांवर कार्यप्रणाली हाताने न चढविता ती जालावरून एकाच नमुन्याबरहुकूम उतरविणे इष्ट. कारण दोन नोडांवरील जीपीयू-ड्रायव्हरच्या आवृत्तींत अंतर पडले, म्हणजे एका नोडावर सुखाने चालणारे काम दुसऱ्यावर कोसळते आणि संशोधक आपल्याच आज्ञावलीत दोष शोधीत बसतो. अनुकरणासाठी गझीबो, मुजोको, आयझॅक इत्यादी साधने वापरतात. त्यांतील दृश्य रेखाटण्यास पडदा लागतो असे गृहीत धरणाऱ्या आज्ञावली पडदाविरहित नोडावर बंद पडत असल्यामुळे, पडद्यावाचून रेखाटनाची सोय आरंभीच करून ठेवावी लागते. प्रत्येक प्रयोगशाळेस लागणारी साधने एकमेकांशी जुळत नसल्याने ती कंटेनरात बांधून दिली जातात. डॉकर या प्रचलित कंटेनर-साधनातून मूलाधिकार सहज हस्तगत होण्याचा धोका असल्यामुळे सामायिक समूहावर ॲपटेनर, म्हणजे पूर्वाश्रमीचे सिंग्युलॅरिटी, अधिक पसंत केले जाते.

कारभार : समूहाचे यशापयश नोडांच्या संख्येपेक्षा कारभारावर अवलंबून असते. कामांची रांग लावण्याचे काम बहुधा स्लर्म या, कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत विकसित झालेल्या, व्यवस्थापकाकडे असते. प्रत्येक काम किती जीपीयू, किती स्मृती व किती वेळ मागते हे अर्जातच नमूद करावे लागते. या मागणीच्या आधारे, मोठ्या कामाच्या मुहूर्तास बाध न आणता मधल्या रिकाम्या वेळात लहान कामे बसविली जातात, आणि ज्याने अलीकडे अधिक उपभोग घेतला त्याचा अग्रक्रम उतरवून इतरांस न्याय दिला जातो. म्हणून मुदत फुगवून मागणाऱ्याचे काम स्वतःच मागे पडते, ही गोष्ट नवागतास प्रथम दिवशीच समजावून सांगितली पाहिजे. मोठ्या परिषदांची लेख पाठविण्याची मुदत जवळ आली, उदाहरणार्थ सप्टेंबरच्या मध्यास, की रांग अतोनात वाढते. त्या काळात नियम आयत्या वेळी बदलण्यापेक्षा आधीच जाहीर केलेले बरे.

सर्व नोडांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असणे अत्यावश्यक आहे, कारण स्लर्मची ओळख पटविणारी मंज ही सेवा वेळेत फार अंतर पडलेला परवाना नाकारते, आणि यंत्रमानवाच्या नोंदींतील कॅमेरा व सांधे यांचा मेळही कालमुद्रेवरच बसतो. आरओएस या यंत्रमानव-प्रणालीच्या दुसऱ्या पिढीतील घटक जालावर साद घालून एकमेकांस शोधतात. दोन संशोधकांची कामे एकाच जालावर एकच क्षेत्र-क्रमांक घेऊन चालली तर एकाचे संदेश दुसऱ्याच्या आभासी यंत्रमानवास पोहोचतात. म्हणून प्रत्येक कामास निराळा क्रमांक नेमून देण्याचा बंदोबस्त कारभाऱ्याने स्वतः करावा. दीर्घ प्रशिक्षणात ठराविक अंतराने स्थिती जतन करण्याची ताकीद, बिघडलेला नोड रांगेतून काढून त्याची नोंद ठेवणे, आणि तात्पुरत्या संग्रहातील जुन्या संचिका पूर्वसूचनेने नष्ट करणे, ही नित्याची कर्तव्ये होत. ज्या संग्रहाची प्रत अन्यत्र नाही तो संग्रह सुरक्षित समजू नये.

वीज : आठ जीपीयूंचा एक नोड, उदाहरणार्थ डीजीएक्स ए१००, ६·५ किलोवॅटपर्यंत वीज घेतो.

भारतात : पुण्यातील सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये सिद्ध केलेला, ट्रान्सप्यूटरांवर आधारित परम ८००० हा महासंगणक देशातील समांतर गणनेचा पाया होय. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली पुण्यातच परम सिद्धि-एआय २०२० मध्ये कार्यान्वित झाला.

यंत्रमानव-प्रयोगशाळांतील लहान समूहांचा कारभार पुष्कळदा एखादा विद्यार्थीच संशोधन सांभाळून पाहतो, व तो पदवी घेऊन गेला की संचाची माहितीही त्याच्याबरोबर जाते. यास्तव मांडणीचे दफ्तर प्रथमपासून लिहून ठेवणे हा समूहाच्या उभारणीचाच भाग मानला पाहिजे.