मेणाच्या पोटचं ब्राँझ

डाव्या पायावर तोल सावरत उजवं पाऊल मागून वर उचलायचं आणि मान वळवून तळवा बघायचा. दुसरी कुणी मोजा चढवतेय, तिसरी गुडघा चोळतेय. एदगार देगाच्या या ब्राँझ नर्तकी जगभरच्या संग्रहालयांत दिसतात. खुद्द देगाने मात्र यांतली एकही ब्राँझमध्ये पाहिली नाही.

त्यांचं कूळ मेणाचं. पॅरिसच्या स्टुडिओत तारेच्या सांगाड्यावर देगा मेण थापायचा, भर म्हणून बाटल्यांची बुचं, ब्रशांचे दांडेही आत कोंबायचा. हात मोडायचा, पाय खचायचा, की पुन्हा सुरुवात. लोकांसमोर त्याने एकच मूर्ती मांडली, 1881 साली. ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’. तिला खरी चोळी, कापडी घागरा, केसांचा टोप आणि वेणीला फीत. टीकाकारांनी तिला कुरूप ठरवलं, माकडाची उपमा दिली. ती होती मारी व्हान गोएथम, एका धोबिणीची लेक. पॅरिस ऑपेराच्या नृत्यशाळेतल्या अशा गरीब मुलींना ‘उंदीर’ म्हणत. पुढच्याच वर्षी मारीला तिथून काढून टाकलं.

हे कळल्यापासून तळवा बघणारी ती नर्तकी मला विसावलेली वाटत नाही. शेतकरी बैलाचा खूर तपासतो, तशी ती पाऊल तपासतेय. उद्याचं पोट त्यावरच आहे.

1917 मध्ये देगा गेला. स्टुडिओत दीडशेच्या आसपास मूर्ती निघाल्या, कित्येक ढासळलेल्या. त्याचा शिल्पकार मित्र बार्तोलोमे याने त्यांतल्या काही सांधल्या आणि एब्रारच्या ओतशाळेत पालात्झोलो या इटालियन कारागिराने ओतल्या. मूळ मेण वितळू नये म्हणून त्याने आधी साचे घेतले, साच्यांतून मेणाच्या प्रती काढल्या आणि ब्राँझ ओतताना वितळल्या त्या या प्रती. मेण जाऊन त्याच्या जागी धातू येण्याची ही रीत आपल्याकडे मधूच्छिष्टविधान म्हणून जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त तिचं वर्णन आहे.

बहुतेक मूर्तींच्या 22-22 प्रती ठरल्या. मूळ मेणमूर्ती नष्ट झाल्या असंच लोक धरून चालले होते. 1955 मध्ये त्या पुन्हा उजेडात आल्या. आज त्यांतल्या बऱ्याच वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

पुढे मारीही ब्राँझची झाली. चोळी धातूची, चपला धातूच्या, वेणीसुद्धा. घागरा तेवढा अजून कापडाचाच नेसवतात, आणि वेणीला खरी फीत बांधतात.