चाफा, पांढरा
चाफा, पांढरा : (खुरचाफा, खैरचाफा, देवचाफा, हिं. गुलचीन, बं. काठगोलाप, क. देवकणगिले, ते. देवगन्नेरु, लॅ. प्ल्युमेरिया रुब्रा, प्रकार ॲक्युटिफोलिया, कुल–ॲपोसायनेसी). देवालये, दर्गे, कबरस्ताने व जुन्या वाड्यांची परसे यांत सर्वत्र दिसणारा हा लहान पानझडी वृक्ष सर्वसाधारणपणे मूळचा भारतीय समजला जातो. तथापि त्याचे मूलस्थान मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतचा उष्ण प्रदेश होय. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेस पोहोचला, त्यापूर्वी आशियास हा वृक्ष अपरिचित होता. असे असूनही अवघ्या काही शतकांत तो येथील निरनिराळ्या धर्मांच्या पवित्र स्थानी रुजला आणि प्राचीन मानला जाऊ लागला. हे कसे घडले, याचा उलगडा मुख्यतः त्याच्या नावांवरून व लागवडीच्या पद्धतीवरून होतो.

मूलस्थान : मेक्सिकोतील ॲझटेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत या फुलास ‘काकालोशोचित्ल’ म्हणजे ‘डोमकावळ्याचे फूल’ म्हणत. स्पॅनिश सत्ता स्थापन झाल्यानंतर १५५२ मध्ये मार्तिन दे ला क्रूस या स्थानिक वैद्याने सांगितलेल्या व हुआन बादियानोने लॅटिनमध्ये उतरविलेल्या वनौषधींच्या सचित्र हस्तलिखितात त्याचा उल्लेख आहे. राज्यकारभार पाहणाऱ्यांचा शीण घालविण्यासाठी सांगितलेल्या उपचारातील सुगंधी फुलांत त्याची गणना केलेली आढळते. माया लोकांत ‘निक्ते’ या नावाने ओळखले जाणारे हे फूल प्रणयाचे प्रतीक होते. म्हणजे आशियात येण्यापूर्वीच या वृक्षास मानाचे स्थान लाभलेले होते. निकाराग्वाने १९७१ मध्ये ‘साकुआनहोचे’ या नावाने त्यास राष्ट्रीय पुष्पाचा दर्जा दिला.

प्रसार : १५६५ पासून १८१५ पर्यंत स्पॅनिश जहाजे मेक्सिकोतील आकापुल्को बंदर व फिलिपीन्समधील मानिला यांच्या दरम्यान पॅसिफिक महासागर ओलांडून नियमित ये-जा करीत. अमेरिकेतील अनेक वनस्पती याच मार्गाने आशियात आल्या. पांढऱ्या चाफ्याचे फिलिपीन्समधील ‘कालाचुची’ हे नाव नाहुआत्ल नावाचाच अपभ्रंश असून त्यावरून या प्रवासाची खूण पटते. इंडोनेशियातील अंबोन बेटावर राहिलेला वनस्पतिज्ञ रुम्फियस (मृत्यू १७०२) याने आपल्या ग्रंथात या वृक्षाचे वर्णन केले आहे. त्यावरून सतराव्या शतकात तो त्या बेटांत लावला जात होता हे स्पष्ट होते. हवाई बेटांवर तो त्यामानाने बराच उशिरा, १८६० मध्ये, विल्यम हिलब्रँड या डॉक्टर व वनस्पतिज्ञाने नेला. आज मात्र तेथील स्वागताचे पुष्पहार म्हटले की प्रथम हेच फूल डोळ्यांपुढे येते.

नावांची साक्ष : संस्कृत वाङ्मयातील ‘चंपक’ म्हणजे सोनचाफा होय. तो निराळ्या कुलातील सदापर्णी वृक्ष आहे. नवागत सुगंधी फुलास परिचित सुगंधी फुलाचे नाव देण्याची लोकरीत असल्याने मराठीत पांढरा चाफा, सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा, कवठी चाफा व भुईचाफा अशी परस्परांशी फारसा संबंध नसलेली झाडे एका नावाखाली आली. लाओसमध्येही पांढऱ्या चाफ्यास ‘दोक चंपा’ म्हणतात. तेलुगू व कन्नड नावांत त्याची तुलना कण्हेरीशी केलेली असून ती शास्त्रदृष्ट्याही योग्य ठरते, कारण कण्हेर व हा चाफा एकाच कुलातील आहेत. मलयाळम् भाषेतील ‘ईळच्चेंपकम्’ या नावाचा अर्थ ‘श्रीलंकेचा चाफा’ असा असून त्यात झाडाच्या परकेपणाची आठवण टिकून राहिली आहे. ‘गुलचीन’ या नावाचा अर्थ ‘चीनचे फूल’ असा केला जातो. परंतु फार्सीत त्याच शब्दाचा अर्थ ‘फुले खुडणारा’ असाही होतो, त्यामुळे त्यावरून प्रवासाची दिशा ठरविणे सुरक्षित नाही. नावांचे हे साम्य ध्यानात न घेतल्यास चंपकाचे प्राचीन उल्लेख पांढऱ्या चाफ्यास लावले जातात. पौराणिक वा प्राचीन काळातील प्रसंगांच्या चित्रांत हे झाड दाखविणे हा कालविपर्यास होय.

वर्गीकरण : वेस्ट इंडीजमधील वनस्पतींचा अभ्यास करणारा फ्रेंच धर्मोपदेशक शार्ल प्ल्युम्ये (१६४६–१७०४) याच्या सन्मानार्थ या प्रजातीस प्ल्युमेरिया हे नाव मिळाले. १७५३ मध्ये लिनीअसने ते स्वीकारून तांबड्या फुलांच्या जातीस ‘रुब्रा’ हे नाव दिले. पिवळट मध्य असलेल्या पांढऱ्या फुलांचे झाड पुढे दीर्घकाळ स्वतंत्र जाती मानले जाई; १९३८ मध्ये वुडसन या अमेरिकन वनस्पतिज्ञाने ते रुब्राचाच एक प्रकार ठरविले. ‘फ्रांजीपानी’ हे यूरोपीय नाव इटलीतील त्याच नावाच्या सरदार घराण्याशी संबंधित असलेल्या, हातमोजे सुवासित करण्याच्या द्रव्यावरून आले, असे मानतात.

लागवड : या झाडाचे छाट (फांद्यांचे तुकडे) लावून अभिवृद्धी करतात. उन्हाळ्याच्या आरंभी जून फांदीचा तुकडा कापून, त्यातील चीक वाळेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून मग रेताड, निचऱ्याच्या जमिनीत लावतात. मांसल फांद्यांत पाणी साठलेले असल्याने कापलेला तुकडा कित्येक आठवडे जिवंत राहतो. लांबच्या जलप्रवासात हा गुण साहजिकच उपयोगी पडला. भरपूर ऊन आवश्यक असते. पाणी साचल्यास मुळे व खोड कुजते, तर कडक थंडीने शेंडे मरतात. एकदा रुजल्यावर पाणी व निगा जवळजवळ लागत नाही आणि चिकामुळे गुरे सहसा पाल्यास तोंड लावीत नाहीत. हा चीक त्वचेस दाहक असल्याने छाटणी करताना काळजी घ्यावी लागते. अमेरिकेतून पसरलेला तांबेरा रोग आता भारतातील झाडांवरही आढळतो.

सांस्कृतिक स्थान : देवळाच्या वा कबरस्तानाच्या आवारात रोज पाणी घालणारा कोणी असतोच असे नाही. अशा ठिकाणी आपोआप तगणारे, पाने गळाल्यावरही फुलणारे आणि गळलेले फूल बराच वेळ ताजे राहणारे झाड टिकून राहिले व पुढे त्या स्थानाचाच भाग मानले गेले. मात्र या सान्निध्याचा अर्थ सर्वत्र सारखा लावला गेला नाही. लाओसमध्ये ते राष्ट्रीय पुष्प आहे आणि बालीत नित्याच्या नैवेद्यात वापरतात. थायलंडमध्ये मात्र ‘लानथोम’ हे जुने नाव दुःखवाचक शब्दासारखे ऐकू येत असल्याने ते घराजवळ लावणे अशुभ मानीत; ‘लीलावदी’ हे नवे नाव रूढ झाल्यावर तेच झाड बागांत हौसेने लावले जाऊ लागले.

या फुलांत मधुरस नसतो. मूलस्थानी रात्रीच्या वासाने आकृष्ट झालेले पतंग मधाच्या शोधात फसून परागण घडवितात. भारतात फळे क्वचितच धरतात, म्हणून येथे बीजापासून रोपे होणे दुर्मिळ असते. कोकणातील वा दख्खनमधील एखाद्या देवळापुढचे झाड बहुधा दुसऱ्या झाडाच्या फांदीतून वाढलेले असते व तेही त्याआधीच्या एखाद्या फांदीतून. ही परंपरा मागे नेत गेल्यास तिचा आरंभ कोणीतरी समुद्रापलीकडून हाती आणलेल्या फांदीशी होतो.