आईची हजेरी आणि माझी पीएचडी

मागे गलका ऐकू येतोय ना, तो मार्केट यार्डातल्या भुसार विभागाचा. हमाल ट्रकमधून पोती उतरवतायत. गाळ्याच्या आत काही बायका धान्य चाळतायत, निवडतायत. त्यातली एक माझी आई.

मागच्या वर्षी मी स्त्री अभ्यास विषयात पीएचडीसाठी मुलाखत दिली. विषय होता, बाजारात धान्य निवडणाऱ्या बायका. एका परीक्षकांनी विचारलं, "हा तर अहवालाचा विषय झाला. यात संशोधन काय?" मला उत्तर सुचलं नाही. प्रवेश हुकला. घरी आले तर आईसुद्धा म्हणाली, "अगं, आमच्यावर काय लिहिणार? आम्ही तर बसून असतो."

मग मी हा विषय विद्यापीठात आला कसा, तेच शोधायला बसले.

1971 साली केंद्र सरकारने भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. 1974 मध्ये तिचा 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा अहवाल आला. लोकसंख्येत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया 1901 मध्ये 972 होत्या, त्या 1971 मध्ये 930 वर आल्या होत्या. म्हणजे देश पुढे चाललाय म्हणत असताना बायका कमी होत होत्या. अहवाल लिहिणारेही हादरले. बघा, स्त्री अभ्यासाच्या मुळाशी एक अहवालच आहे! त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं. पुणे विद्यापीठात असं केंद्र आलं 1987 मध्ये. आज त्याला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे.

पण या खुर्च्यांवर बसून कोणाबद्दल लिहायचं? हा प्रश्न याच केंद्रातल्या शर्मिला रेगे यांनी लावून धरला. दलित स्त्रियांचं म्हणणं बाजूला ठेवून स्त्रीवाद पुरा होत नाही, असं त्यांनी 1998 च्या लेखात मांडलं. 2006 च्या पुस्तकात तर त्यांनी दलित बायकांच्या मराठी आत्मकथनांनाच ज्ञान म्हणून समोर ठेवलं. त्यात 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबी कांबळे आहेत. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला आणलेली रद्दी त्या वाचायच्या, गल्ल्यावर बसून लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. कितीतरी वर्षं! बघणाऱ्याला वाटलं असेल, बाई बसूनच आहे.

आता परत यार्डात या. बाबा आढाव आणि हमाल पंचायत ही नावं इथं लहान पोरालाही माहीत असतात. हमालांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. अंगमेहनतीच्या कामाची नोंद सुरू झाली. गंमत म्हणजे त्या कायद्यातल्या कामांच्या यादीत निवडणं आणि साफ करणं हे शब्दही आहेत. आईचं नाव मात्र कुठल्याच नोंदवहीत नाही.

पुण्यातच 1993 साली कचरा वेचणाऱ्या बायकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. सुरुवात झाली होती एसएनडीटीच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून. पुढे महापालिकेच्या शिक्क्याची ओळखपत्रं मिळाली. ज्यांना लोक चोर समजून हटकायचे, त्या कामगार ठरल्या. काम तेच होतं, मोजणारी नजर बदलली.

तर परीक्षक महोदय, उत्तर उशिरा सुचलं, पण सुचलं. खांद्यावरचं पोतं काम म्हणून दिसतं आणि बोटांनी खडे वेचणं दिसत नाही, असं का? त्या कामाला 'बसून असणं' हे नाव कोणी दिलं आणि आईनेही ते का मान्य केलं? हेच माझं संशोधन.

यंदा पुन्हा अर्ज भरतेय. काल फोनवर आईचं रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिला प्रश्न विचारला, "हजेरी किती मिळते?" ती हसली. "ते नंतर. आधी हे लिही, दिवसाला किती पोती निवडते मी."

लिहून घेतलंय. भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या घरात 'बसून असणारं' कोण आहे, त्यांना एकदा विचारा.