थोडं थोडं, पण एकत्र: बीपीच्या संयुक्त गोळीची पाऊणशे वर्षं

बीपीसाठी एकाच गोळीत दोन-तीन औषधं दिली आहेत, असं कळलं की अनेक घरांत धसका बसतो. एकाने भागलं नाही म्हणून दुसरं, तेही पुरेना म्हणून तिसरं, म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असा अर्थ काढला जातो. जितकी औषधं जास्त तितका अपाय जास्त, हा हिशेब त्यामागे असतो. रक्तदाबावरच्या उपचारांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा हिशेब टिकत नाही. संयुक्त गोळी आली तीच मुळी एकेका औषधाची पूर्ण मात्रा रुग्णाला सोसवेना म्हणून. प्रत्येकाची मात्रा कमी ठेवायची आणि उरलेलं काम वेगळ्या वाटेने चालणाऱ्या दुसऱ्या औषधाकडून करून घ्यायचं, हा तिच्यामागचा विचार. तो जिथे पाळला गेला तिथे ती एकट्या औषधापेक्षा सुरक्षित ठरली. जिथे सुटला तिथे तिने नुकसान केलं. या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला, त्यामुळे मराठी वाचकाला तो परका नाही.

1940च्या दशकापर्यंत वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. तो उतरवावा की नाही, यावरही एकमत नव्हतं. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे जावं म्हणून शरीरच दाब वाढवतं, तो उतरवला तर मेंदूला आणि किडनीला रक्त पुरणार नाही, असं मानणाऱ्यांत नामवंत हृदयतज्ज्ञही होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च 1944 मध्ये नौदलातले हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासलं, तेव्हा त्यांचा दाब 186/108 होता. मिठाचं पथ्य, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस आणि मन शांत राहावं म्हणून फेनोबार्बिटल, एवढंच त्यांना देता आलं. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी दाब 300/190 नोंदवला गेला. ज्यांना त्या काळी काही उपचार मिळत, त्यांच्यापुढचे पर्यायही खडतर होते. ड्यूक विद्यापीठातल्या वॉल्टर केम्पनर यांचा जवळजवळ नुसत्या भात-फळांचा आहार महिनोन्‌महिने पाळायचा, नाहीतर कण्यालगतच्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करून घ्यायची.

या पोकळीत सर्पगंधेचं मूळ आलं. झोप न येणं आणि वेड यांवर आपल्याकडचे वैद्य-हकीम ते पूर्वापार देत. 1931 मध्ये बंगालमधल्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मानसिक आजारासोबत वाढलेल्या रक्तदाबावरही त्याचा उपयोग होतो, असं लिहिलं. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी त्या मुळातली अल्कलॉइडं वेगळी केली. पाश्चात्त्य वैद्यकाने मात्र त्याची दखल घेतली ती मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांच्यामुळे. केईएम रुग्णालयातल्या या हृदयतज्ज्ञाने 50 रुग्णांवरचे आपले निष्कर्ष 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले आणि एका देशी मुळाची चर्चा बोस्टनपासून बाझेलपर्यंत सुरू झाली. 1952 मध्ये सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातलं रिसर्पिन वेगळं केलं. वकील यांना 1957 मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. ज्या मुंबईत हे काम झालं, तिथे आज त्यांचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही, याची खंत वाटते.

रिसर्पिनने दाब उतरे, पण मात्रा वाढवत नेली की नाक चोंदे, नाडी मंदावे आणि काही रुग्णांना गंभीर औदासीन्य येई. शिवाय शरीर मीठ-पाणी साठवून घेई आणि औषधाचा गुण काही आठवड्यांत ओसरे. त्याच काळातलं दुसरं औषध हायड्रॅलझिन. ते रक्तवाहिन्या सैल करी, पण त्याची भरपाई म्हणून हृदय धावू लागे. मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने दिलं तर सांधेदुखी आणि तापासह ल्यूपससारखा आजार उद्भवतो, हे 1953-54 मध्येच लक्षात आलं होतं. 1958 मध्ये मर्क कंपनीचं क्लोरोथायझाइड आलं, म्हणजे आपण ज्याला लघवीची गोळी म्हणतो त्या जातीचं. ते साठलेलं मीठ-पाणी बाहेर काढी, पण सोबत पोटॅशियमही नेई. तिन्ही औषधं एकेकटी, भरपूर मात्रेत दिली तर तिन्ही त्रासदायक. एकत्र दिली तर रिसर्पिन हृदयाची धाव आवरतं, लघवीची गोळी साठलेलं पाणी काढते आणि तिघांचीही मात्रा खाली आणता येते. भारतात सिबाची ‘अडेल्फेन-इसिड्रेक्स’ ही गोळी एका पिढीला चांगली ठाऊक होती. तिच्यात रिसर्पिन 0.1, डायहायड्रॅलझिन 10 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 10 मिलिग्रॅम असे. आकडे किती लहान आहेत, ते पाहण्यासारखं आहे.

या त्रिकुटाची खरी परीक्षा अमेरिकेत, निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत झाली. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखालच्या या चाचणीचा पहिला अहवाल 1967 मध्ये आला. खालचा दाब 115 ते 129 असलेले 143 पुरुष तिच्यात होते. 73 जणांना हायड्रोक्लोरोथायझाइड, रिसर्पिन आणि हायड्रॅलझिन, तर 70 जणांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. औषध नसलेल्या गटात 27 गंभीर घटना आणि 4 मृत्यू झाले. औषध घेणाऱ्यांत गंभीर घटना फक्त 2 आणि मृत्यू एकही नाही. दाब उतरवणं धोक्याचं आहे, या जुन्या समजुतीचा पाया इथे खचला. वाढलेला दाब उतरवल्याने जीव वाचतात, हा रक्तदाबाच्या वैद्यकातला मूलभूत पुरावा मिळाला तोच मुळी तीन औषधांच्या संयोगातून, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या चाचणीचं आणखी एक अंग क्वचितच सांगितलं जातं. चाचणीत घेण्याआधी उमेदवारांना रिबोफ्लेविन मिसळलेल्या गोळ्या दिल्या होत्या. ज्याने गोळी खरोखर घेतली त्याची लघवी अतिनील प्रकाशात चमके. नियमित न घेणाऱ्यांना बाजूला ठेवलं गेलं. म्हणजे हा लाभ सिद्ध झाला तो गोळ्या नेमाने घेणाऱ्या पुरुषांपुरता. दिवसाला चार-पाच वेगवेगळ्या गोळ्या सांभाळणं सर्वांना जमत नाही, हे 1960च्या दशकातल्या संशोधकांनीही जाणलं होतं.

त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत औषधांची फळी बदलली. प्रोप्रॅनोलॉल, कॅप्टोप्रिल, अ‍ॅम्लोडिपिन, लोसार्टन अशी सोसायला सोपी औषधं आली आणि रिसर्पिन मागे पडलं. उपचारांची रीतही बदलली: एक औषध द्यायचं, पूर्ण मात्रेपर्यंत वाढवायचं, नाही भागलं तरच दुसरं जोडायचं. ही पायरी-पायरीची पद्धत वरवर सावध दिसते. पण 2003 मध्ये माल्कम लॉ, निकोलस वॉल्ड आणि सहकाऱ्यांनी 354 चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा त्या सावधपणातली चूक दिसली. मात्रा निम्मी केली तर दाब उतरवण्याची ताकद निम्मी होत नाही, सुमारे एक पंचमांशानेच घटते. त्रास मात्र बहुतेक औषधांत मात्रेबरोबर झपाट्याने कमी होतो. 2009 मध्ये वॉल्ड यांनीच दाखवलं की एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातलं औषध जोडल्याने दाब सुमारे पाचपट अधिक उतरतो. 2018 मध्ये श्रीलंकेतल्या 700 रुग्णांवरच्या चाचणीत टेल्मिसार्टन 20, अ‍ॅम्लोडिपिन 2.5 आणि क्लोरथॅलिडोन 12.5 मिलिग्रॅम अशी तीन औषधांची एक गोळी दिली. सहा महिन्यांनी 70 टक्के लोकांचा दाब आटोक्यात होता, नेहमीच्या उपचारांत 55 टक्क्यांचा. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्तदाबाच्या संयुक्त गोळ्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

यावरचा सर्वात वजनदार आक्षेप आपल्याच देशातून येतो. संयुक्त गोळ्यांच्या नावाखाली भारतीय बाजारात काय काय विकलं गेलं, ते विसरून चालणार नाही. सर्दीची, दुखण्याची, मधुमेहाची असंख्य मिश्रणं केंद्राची रीतसर मान्यता न घेता, राज्यांच्या परवान्यांवर बाजारात आली. चंद्रकांत कोकाटे समितीच्या अहवालानंतर 10 मार्च 2016 रोजी केंद्र सरकारने 344 मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणं पुन्हा बंद झाली. ही बंदी योग्यच होती. तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मिश्रण वाईट असा नाही, तर विनाकारण केलेलं मिश्रण वाईट, असा आहे. रक्तदाबाच्या क्षेत्रातही याचा दाखला आहे. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन ही दोन्ही औषधं एकाच संप्रेरक-साखळीवर काम करतात. 2008 मध्ये 25,620 रुग्णांवरच्या चाचणीत दोन्ही एकत्र दिली, तेव्हा लाभ वाढला नाही. चक्कर, दाब फार उतरणं आणि किडनी बिघडणं मात्र वाढलं. याउलट अ‍ॅम्लोडिपिनने पायावर येणारी सूज टेल्मिसार्टनच्या सोबतीने कमी होते, आणि लघवीच्या गोळीने घटणारं पोटॅशियम टेल्मिसार्टन सावरून धरतं. एकमेकांचे दोष झाकणारी जोडी आणि एकच काम दुप्पट करणारी जोडी यांतला फरक ज्याला कळतो, त्याच्या हातीच ही गोळी शोभते.

दुसरा आक्षेप डॉक्टर घेतात: घटकांचं प्रमाण गोळीतच ठरलेलं असेल तर एकाचंच कमी-जास्त कसं करणार, आणि त्रास झाला तर दोष कुणाचा? आक्षेप खरा आहे, विशेषतः वयस्कर, अशक्त आणि किडनीचा विकार असलेल्या रुग्णांसाठी. अशांना एकेक औषध थोड्या मात्रेत सुरू करणंच बरं. पण इथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. संयोग म्हणजे एकच गोळी असं नाही. 2017-18 मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्याच्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते, अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन सुट्या गोळ्यांतच, ठरलेल्या क्रमाने दिली जातात. गोळी एक असो वा तीन, प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढच्या महिन्याची औषधं शिल्लक असणं आणि दर खेपेला दाब मोजला जाणं, यावर बरंच काही अवलंबून आहे.

म्हणून वाचकाला सांगायचं ते एवढंच. गोळीच्या पट्टीवर कंपनीने दिलेल्या नावाखाली बारीक अक्षरात घटकांची नावं असतात, ती वाचा. मेडिकलवाल्याने दुसऱ्या नावाची पट्टी दिली, किंवा दोन डॉक्टरांची औषधं एकाच वेळी चालू असली, तर तोच घटक दोनदा पोटात जात नाही ना, हे विचारून घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. उभं राहताना घेरी येत असेल तर उभ्यानेही दाब मोजून घ्या. गुडघेदुखीच्या गोळ्या, ‘कमी सोडियम’चं पोटॅशियमयुक्त मीठ आणि जुलाब-उलट्यांचे दिवस यांची माहिती डॉक्टरांना दिलीच पाहिजे, कारण टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला हे आलं की किडनीवर किंवा पोटॅशियमवर ताण येतो. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल असलेली गोळी घेणाऱ्या बाईला दिवस राहिले, किंवा तसा बेत असला, तर विलंब न लावता डॉक्टरांना सांगा. ही औषधं गर्भाला घातक आहेत. आणि दाब नीट आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. तो नीट आला आहे तो त्या गोळीमुळेच.