पिशवी आणि वर्ध्याची शिकवण

बाजारास निघतांना खुंटीवरची पिशवी काढून घेणें हा आपल्याकडील गृहस्थाचा जुना परिपाठ होता. जीर्ण झालेल्या धोतराचा किंवा लुगड्याचा मजबूत भाग पाहून ती घरींच शिवली जाई. पुढें दुकानदार प्लास्टिकची पातळ पिशवी फुकट देऊं लागला आणि खुंटी रिकामी झाली. २३ मार्च २०१८ रोजीं महाराष्ट्र शासनानें अशा पिशव्यांवर बंदी घातली. तेव्हांपासून मुलांकडून कापडी पिशव्या शिवून घेण्याच्या उपक्रमांकडे लोकांचें लक्ष अधिक गेलें. हे उपक्रम स्तुत्य खरेच. परंतु मुलांच्या हातीं सुई देण्यापूर्वीं वर्धा जिल्ह्याचा इतिहास एकवार आठवावा, असें आम्हांस वाटतें.

हा मुलूख कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचें नांव दूरदूरच्या बाजारांत गाजलेलें. पण शेतांत ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या मायबहिणींच्या मुलांस शाळेंत त्या कापसाविषयीं कांहींच शिकावयास मिळत नसे. इ. स. १९३४ मध्यें गांधीजी वर्ध्यास आले व १९३६ मध्यें शेगांव या खेड्यांत राहूं लागले. १९४० मध्यें त्याच खेड्याचें नांव सेवाग्राम झालें. १९३७ च्या ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस वर्ध्यांत शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. सात वर्षें मोफत व सक्तीचें शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि त्याच्या केंद्रस्थानीं एखादा हस्तोद्योग, अशी ही योजना होती. तीच पुढें नई तालीम म्हणून ओळखली गेली. हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला, आणि आर्यनायकम् दांपत्यानें सेवाग्रामांत ती चालवून दाखविली.

टकळी फिरविणें एवढेंच या योजनेंत अभिप्रेत नव्हतें. चार फूट सुताची एक तार, आणि ६४० तारांची एक गुंडी. हें मोजतां मोजतां मूल गणित शिके. कापूस कोणत्या जमिनींत येतो, येथें भूगोल आला. येथील विणकरांचा धंदा कां बसला, येथें इतिहास आला. हात जें करीत, त्याचें कारण बुद्धीनें विचारावें, हें या शिक्षणाचें मर्म होतें.

या योजनेवर त्या परिषदेंतच आक्षेपही आले. मुलांनीं केलेल्या मालांतून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेला प्रो. के. टी. शहा यांनीं विरोध केला. खुद्द समितीनेंही आपल्या अहवालांत बजावलें कीं, शिक्षक मुलांकडून अधिकाधिक श्रम काढण्याच्या मागें लागेल आणि शिक्षण बाजूला राहील, असा धोका येथें आहे. हा इशारा आजच्या शिवणवर्गासही लागू पडतो. अमुक दिवशीं पांचशें पिशव्या तयार हव्यात, असा हुकूम सुटला कीं मुलें शिकत नाहींत, राबतात.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानें २०११ मध्यें हिशेब मांडला कीं, तापमानवाढीच्या दृष्टीनें नव्या सुती पिशवीस एकदांच वापरलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करावयाची तर ती १३१ वेळां वापरली पाहिजे. आठवड्याच्या बाजारास एकदां, या मानानें अडीच वर्षें झालीं! म्हणजे नवें कापड आणून, त्यावर नांवें छापून, समारंभांत वाटलेली पिशवी कपाटांत पडून राहिली, तर तो उपकार नव्हे, उधळपट्टी होय. प्लास्टिक गांवच्या नाल्यांत तुंबतें, गुरांच्या पोटांत जातें, हें खरें. पण म्हणून कापूस फुकट पिकत नाहीं, हें कापसाच्या मुलखानें तरी विसरूं नये.

म्हणून मुलांनीं पिशवी शिवावी ती घरच्या जुन्या कापडाची. तें कापड उजेडापुढें धरून कोठें विरलें आहे तें पाहावें, दुमड सोडून माप घ्यावें, कांठावर उलटटीप घालावी, बंद आडव्या-उभ्या टांक्यांनीं पक्का करावा. मग तींत पांच शेर ज्वारी भरून ती टांगावी. जेथें उसवेल तेथें भार कसा पडतो याचा पाठ आपोआप मिळेल. आणि स्वतः शिवलेली वस्तु मूल सहसा टाकून देत नाहीं; १३१ चा आंकडा गांठण्याचा याहून सोपा उपाय आम्हांस दिसत नाहीं.

मध्यंतरीं बुनियादी शाळा मागें पडल्या. परंतु सेवाग्रामच्या त्याच आवारांत २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा पुन्हा चालू आहे, आणि तेथें शेती, सूतकताई, शिवण ही अभ्यासाचींच अंगें आहेत. घरोघरच्या आईबापांनींही एखाद्या रविवारीं जुनी चादर व सुईदोरा घेऊन मुलांजवळ बसावें. पिशवी वांकडी झाली तरी चालेल. खुंटी मात्र पुन्हा रिकामी राहूं देऊं नये.